फांद्यांमधल्या रेषा

ठाण्याचा नौपाडा, डोंबिवलीचे टिळकनगर आणि रामनगर, जुने कल्याण या भागांत १९७० आणि १९८० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती आज जवळजवळ एकाच वेळी थकल्या आहेत. स्लॅबचे पोपडे पडतात, कॉलमच्या सळ्या गंजून फुगतात, गच्चीवर कितीही वेळा वॉटरप्रूफिंग केले तरी वरच्या मजल्यावर पाणी उतरते, आणि त्याच मजल्यावर राहणाऱ्या सत्तरीच्या माणसांना आता जिना चढवत नाही. २०१५ च्या पावसाळ्यात ठाकुर्ली आणि नौपाडा येथे आठवड्याभराच्या अंतराने इमारती कोसळून माणसे दगावली, तेव्हापासून ‘बघू पुढच्या वर्षी’ हे उत्तर कुणाच्याच गळी उतरत नाही. मग सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा विषय येतो. बँकेत, शाळेत, रेल्वेत नोकरी करणारी किंवा करून निवृत्त झालेली सात-आठ माणसे एकाएकी कोट्यवधींच्या कामाच्या तोंडाशी उभी राहतात. त्यांच्या हाताशी एक फाइल असते, काही झेरॉक्स असतात आणि प्रत्येकाच्या डोक्यात कामाचे वेगवेगळे चित्र असते. ही पुस्तिका त्या माणसांसाठी आहे. ती एका मर्यादित साधनाविषयी बोलते: माइंड मॅप काढण्याचे सॉफ्टवेअर कसे निवडावे, आणि पुनर्विकासासारख्या कामाची आखणी करताना ते कसे वापरावे.

माइंड मॅपची रीत सांगायला दोन ओळी पुरतात. मधोमध विषय लिहायचा, त्यातून मुख्य मुद्द्यांच्या फांद्या काढायच्या, त्यांना पुढे डहाळ्या फुटू द्यायच्या. टोनी बुझान या इंग्रज लेखकाने १९७४ मध्ये बीबीसीवरील मालिकेतून ही पद्धत लोकप्रिय केली. ज्ञानाची अशी फांद्याफांद्यांनी वाटणी करणे मात्र कितीतरी जुने आहे. तिसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ पॉर्फिरी याच्या नावाने ओळखले जाणारे वर्गीकरणाचे झाड युरोपातील पाठशाळांत शतकानुशतके शिकवले गेले. मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांविषयी बुझान यांनी जे दावे केले त्यांना संशोधनाचा आधार मिळालेला नाही. ते बाजूला ठेवले तरी एक साधा उपयोग शिल्लक राहतो, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. कामाच्या अगदी आरंभी, काय काय करायचे आहे हेच पुरते ठाऊक नसते तेव्हा, क्रमाने यादी करायला बसले की माणूस पहिल्या पाच ओळींत अडकतो. माइंड मॅपमध्ये क्रम मागितला जात नाही. ज्याला जे सुचेल ते जवळच्या फांदीवर टांगता येते, आणि सातव्या माणसाला सुचलेला मुद्दा पहिल्या माणसाच्या मुद्द्याशेजारी बसतो.

पण हे वर्णन इथेच थांबवले तर वाचकाची फसगत होईल. वंशवृक्ष पाहिलेल्या माणसाला याची अडचण लगेच कळेल. कुलवृत्तांतातला वृक्ष प्रत्येक नावाला एकच मूळ देतो. सून कुठल्या घरची, लेक कुठे दिली, कोण कुणाकडे दत्तक गेले, ही नाती त्या झाडात मावत नाहीत, आणि कुळाचा खरा इतिहास तर बऱ्याचदा त्यांच्यातच असतो. म्हणून ती निराळ्या मजकुरात द्यावी लागतात. माइंड मॅपची घडणही तशीच झाडाची आहे. एक मुद्दा एकाच फांदीवर बसतो. प्रत्यक्ष काम मात्र जाळ्यासारखे असते: पैशाच्या फांदीवरची गोष्ट परवानगीच्या फांदीवरच्या गोष्टीने अडते, आणि ती सभासदांच्या फांदीवरच्या एखाद्या सहीने. आखणी फसते ती या फांद्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत. म्हणून माझा आग्रह असा की, सॉफ्टवेअर निवडताना त्याच्या फांद्या किती सुबक दिसतात हे पाहू नये. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर रेषा ओढता येते का, त्या रेषेवर कारण लिहिता येते का, आणि फांदी मिटली तरी रेषेची आठवण राहते का, हे पाहावे. आणि वापरतानाही वेळ द्यायचा तो या आडव्या रेषांना.

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या सार्वजनिक कामांच्या तारखा यासाठी साक्षीला बोलावता येतात. कल्याणचा १९१४ सालचा पत्रीपूल ऑगस्ट २०१८ मध्ये वाहतुकीला बंद झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात रेल्वेचा ब्लॉक घेऊन पाडला गेला. नव्या पुलाचा गर्डर हैदराबादला तयार होत होता; तो येणे, जोडणे आणि रुळांवरून पलीकडे ढकलणे या प्रत्येक पायरीला पुन्हा रेल्वेच्या ब्लॉकची गरज होती; मध्ये २०२० ची टाळेबंदी आली. नोव्हेंबर २०२० मध्ये गर्डर बसला आणि २५ जानेवारी २०२१ रोजी पूल खुला झाला. दरम्यान सप्टेंबर २०१९ मध्ये डोंबिवलीचा पूर्व-पश्चिम जोडणारा कोपर पूल धोकादायक म्हणून बंद करावा लागला. तो ७ सप्टेंबर २०२१ ला उघडला. म्हणजे सव्वा वर्षाहून अधिक काळ एकाच महापालिकेच्या हद्दीतले रेल्वे ओलांडण्याचे दोन महत्त्वाचे मार्ग एकदम बंद होते. डोंबिवलीची वाहने ठाकुर्लीच्या अरुंद उड्डाणपुलावर आली, आणि पत्रीपुलापाशी शेजारच्या एकाच पुलावर सगळा भार पडला. कोपर पूल बंद करणे सुरक्षेसाठी अटळ होते, त्यात कुणाला दोष देण्याचा हेतू नाही. मुद्दा एवढाच की, दोन कामे दोन फायलींत, दोन निविदांत, दोन वेळापत्रकांत नीट मांडलेली असू शकतात, आणि तरीही त्यांना बांधणारी गोष्ट, इथे रस्त्यावरची वाहने, यांपैकी कुठल्याच फाइलच्या मालकीची नसते.

दुसरे उदाहरण अधिक कडू आहे आणि ते थेट घरांचे आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारतींना बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे महारेरा या स्थावर मालमत्ता नियामकाची नोंदणी मिळाल्याचे उघड झाले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. घर घेणाऱ्यांनी काहीच पाहिले नव्हते असे नाही. त्यांनी रेरा क्रमांक पाहिला होता, अनेकांना बँकांनी कर्जही दिले होते. प्रत्येक कागद आपापल्या फांदीवर व्यवस्थित दिसत होता. रेरा नोंदणीपासून महापालिकेच्या बांधकाम परवानगीपर्यंत जी रेषा जायला हवी होती, म्हणजे ‘ही परवानगी नगररचना विभागाच्या दप्तरात खरोखर आहे का’ हा एकच प्रश्न, तो वेळेवर कुणी विचारला नाही. साध्या माणसाने प्रत्येक खात्याचे काम करावे असे मी म्हणत नाही. परंतु त्या प्रश्नाची जागा आखणीत दिसली असती, तर तो विचारला जाण्याची शक्यता वाढली असती, एवढे खात्रीने म्हणता येते.

आता सोसायटीकडे वळू. समजा वीस-चोवीस सदनिकांची, तळमजल्यावर दोन-तीन दुकाने असलेली इमारत आहे. मॅपच्या मध्यभागी ‘पुनर्विकास’ असे लिहिले की पहिल्या तासाभरात फांद्या आपोआप निघतात: जमीन आणि मालकी, सभासद, इमारतीची अवस्था, चटई क्षेत्र, विकासकाची निवड, परवानग्या, करार, भाडे आणि स्थलांतर, ताबा. जमिनीच्या फांदीवर मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, मोजणी, अभिहस्तांतरण. ‘मोफा’ या १९६३ च्या सदनिका मालकी कायद्यानुसार सोसायटी स्थापन झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन तिच्या नावे करून द्यायला हवी, पण या पट्ट्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या नावावर ती आजही नाही. म्हणून मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) ही वेगळी डहाळी. सभासदांच्या फांदीवर एक तपशील हमखास लहान अक्षरांत बसतो: ‘दुसरा मजला, मूळ सभासद हयात नाहीत, वारसनोंद बाकी’. तो तसाच सोडला तर किरकोळ वाटतो. त्याच्यापासून रेषा काढायला लागा. पहिली जाते विकासकाच्या निवडीकडे, कारण ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे ५१ टक्के संमती मोजायची तर त्या घरातर्फे मत कुणाचे धरायचे हे आधी ठरायला हवे. दुसरी जाते पर्यायी जागेच्या कराराकडे, कारण नामनिर्देशित व्यक्ती मालक होतेच असे नाही आणि तीन भावंडांपैकी एक परदेशात असेल तर त्याच्या मुखत्यारपत्राला वेळ लागतो. तिसरी जाते इमारत रिकामी करण्याकडे, कारण एक घर अडले की बाकीच्यांचे भाडे सुरू होऊनही तोडकाम सुरू होत नाही. लहान अक्षरांतली ती ओळ सगळ्या मॅपमध्ये सर्वांत जास्त रेषा असलेली ओळ ठरते, आणि समितीला पहिल्या महिन्यात कुणाच्या दारावर जायचे आहे ते कळते.

अशा आणखी काही रेषा पुढच्या प्रकरणांत सविस्तर येतील. इथे दोनच सांगतो. चटई क्षेत्राच्या फांदीवरून एक रेषा इमारतीसमोरच्या रस्त्याकडे जायलाच हवी. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियमावलीत किती बांधकाम मिळणार हे रस्त्याच्या रुंदीशी बांधलेले आहे, आणि नऊ मीटरपेक्षा अरुंद गल्लीत हाती येणारे क्षेत्र इतके आटते की विकासकाचे गणितच बसत नाही. जुन्या नौपाड्यातल्या सोसायट्यांची ही जुनी तक्रार आहे. म्हणजे आपल्या सोसायटीचा प्रश्न शेजारच्या चार सोसायट्यांचाही आहे, आणि एकत्र येण्याचा विचार निविदेच्या आधी करायचा आहे. दुसरी रेषा स्थलांतरापासून मुलांच्या शाळेकडे आणि पावसाळ्याकडे. दहावीचे वर्ष असलेली घरे किती, जूनमध्ये भाड्याची घरे शोधणे किती कठीण, हे करारातल्या तारखेत उतरले नाही तर माणसे सही करूनही हलत नाहीत.

यावर अनुभवी माणूस पहिला आक्षेप घेईल तो असा की, हे सगळे प्रकल्प सल्लागार पाहतो, त्यासाठी त्याला फी देतो. सल्लागार हवाच, शासनाच्या मार्गदर्शक सूचनांतही त्याची जागा आहे. पण त्याला नियम ठाऊक असतात, दुसऱ्या मजल्यावरच्या भावंडांचे बोलणे बंद आहे हे ठाऊक नसते. त्यातही महत्त्वाचे म्हणजे सल्लागाराचा अहवाल शंभर पानांचा असतो आणि तो समितीतले दोघे वाचतात. उरलेले सभासद मत देतात ते विश्वासावर किंवा संशयावर. एका पानावर मावणारा, सभेत भिंतीवर दाखवता येणारा मॅप हा संशय बराच कमी करतो, कारण ‘माझा मुद्दा यात आहे का’ हे प्रत्येकाला शोधता येते. २०१९ च्या त्याच शासन निर्णयात विकासक निवडीच्या सभेचे चित्रीकरण, निबंधकांच्या प्रतिनिधीची उपस्थिती आणि विकासकाकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी यांची तरतूद आहे. पारदर्शकतेचा तो आग्रह सभेपुरता न ठेवता आखणीच्या पहिल्या दिवसापासून पाळण्याचा हा एक सोपा मार्ग आहे.

दुसरा आक्षेप पुराव्याचा, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. माइंड मॅपने खरेच काही साधते का? फॅरंड, हुसेन आणि हेनेसी यांनी २००२ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात मॅप काढणाऱ्यांना आठवड्यानंतर मजकूर अधिक आठवला, पण ही पद्धत वापरण्याचा त्यांचा उत्साह मात्र कमी दिसला. नेस्बिट आणि अडेसोपे यांनी २००६ मध्ये ५५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा संकल्पना आणि ज्ञान यांचे आराखडे शिकण्याला मदत करतात असे आढळले. हे पुरावे अभ्यासाचे आहेत, प्रकल्पाचे नाहीत, आणि सॉफ्टवेअर विकणारे हा फरक गाळतात. सोसायटीचा पुनर्विकास मॅपमुळे लवकर होतो असे मी कुठेही म्हणणार नाही. तरी त्या आढाव्यातला एक धागा आपल्या कामाचा आहे: त्यात ज्या आराखड्यांचा विचार झाला त्यांत जोसेफ नोव्हाक यांच्या परंपरेतले संकल्पना-आराखडे मोठ्या संख्येने आहेत, आणि त्या आराखड्यांची खूणच ही की दोन संकल्पनांमधल्या रेषेवर त्यांचे नाते शब्दांत लिहावे लागते. नुसती फांदी काढून तिथे भागत नाही.

मग सॉफ्टवेअर कोणते? एकच नाव देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण दोन-तीन वर्षांत कंपन्या बदलतात, योजना बदलतात, आणि पुनर्विकास त्याहून लांबतो. म्हणून आधी कसोट्या. आडव्या रेषा आणि त्यांवरचा मजकूर ही पहिली. फाइल आपल्या ताब्यात राहते का, ही दुसरी. अनेक ऑनलाइन सेवांत मोफत मिळणाऱ्या मॅपची संख्या मर्यादित असते आणि वर्गणी थांबली की काही सोयी बंद होतात. सचिव बदलला, त्याचा ईमेल गेला आणि मॅपही गेला, असे होता कामा नये. फ्रीप्लेन हे मुक्त सॉफ्टवेअर या बाबतीत भक्कम आहे: ते विंडोज, मॅक आणि लिनक्सवर इंटरनेटशिवाय चालते, त्याची फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात असल्यामुळे नोटपॅडमध्येही उघडून वाचता येते, आणि दोन मुद्द्यांना जोडणारा बाण काढून त्यावर शब्द लिहिता येतात. त्याचे रूप थोडे जुनाट आहे आणि शिकायला एक-दोन संध्याकाळी जातात. एक्समाइंड अधिक देखणे आहे आणि त्यातही नाते दाखवणारी रेषा आहे. माइंडमायस्टरसारख्या सेवेत चार जण चार ठिकाणांहून एकाच वेळी लिहू शकतात. समितीतले दोघे रात्री आठपर्यंत गाडीत असतील तर ही सोय लहान नव्हे. सभासदांची आजारपणे, वारसांचे वाद, कर्जाची थकबाकी असा मजकूर परक्या सर्व्हरवर ठेवायचा का, हे मात्र समितीने आधी ठरवावे. माझे मत असे की, कामांचा मॅप सामायिक असावा आणि माणसांविषयीचा तपशील सचिवाच्या संगणकावरच राहावा, तिथे फक्त सदनिका क्रमांक लिहावा.

मराठीची कसोटी मी मुद्दाम वेगळी काढतो, कारण निवड करताना ती बहुतेकदा सर्वांत शेवटी आठवते. सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात ‘पुनर्विकास’, ‘दुसऱ्या मजल्यावरील ज्येष्ठ सभासद’, ‘अभिहस्तांतरण’, ‘भोगवटा प्रमाणपत्र’ हे शब्द टाइप करावेत आणि लगेच पीडीएफ काढून पाहावी. पडद्यावर नीट दिसणारा रफार पीडीएफमध्ये सरकतो, ‘ऱ्या’ तुटतो, जोडाक्षरे सुटी होतात, असे अजूनही घडते. त्या पीडीएफमधून एक शब्द शोधूनही पाहावा. अक्षरे दिसायला बरोबर असली तरी शोधात सापडत नसतील तर पुढे शंभर मुद्द्यांच्या मॅपमध्ये हाल होतात. जुन्या सोसायट्यांची इतिवृत्ते श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत टाइप केलेली असतात. ती युनिकोडमध्ये आणल्याशिवाय मॅपला जोडून काही उपयोग नाही. आणि सभासदांपर्यंत मॅप जाणार तो व्हॉट्सॲपवरच, मोबाइलच्या पडद्यावर. पूर्ण मॅप तिथे मुंगीएवढा दिसतो. एक-एक फांदी वेगळी उघडून तिचे चित्र पाठवता येणे, आणि आजी-आजोबांसाठी तीच फांदी ए-थ्री कागदावर छापून जिन्यात लावता येणे, हे मला चकचकीत रंगांपेक्षा मोलाचे वाटते.

कागद आणि रंगीत पेन पुरणार नाहीत का, असेही विचारले जाईल. पहिल्या बैठकीला पुरतील, किंबहुना पहिली बैठक कागदावरच व्हावी. संगणकासमोर एक जण टाइप करतो आणि बाकीचे बघत बसतात. अडचण तिसऱ्या बैठकीपासून येते. मुद्दे हलवावे लागतात, एका फांदीवरची गोष्ट दुसरीकडे नेली तरी तिच्या रेषा तिच्याबरोबर जायला हव्यात, मागच्या महिन्यात काय होते ते पाहता यायला हवे. कागदावर हे होत नाही, आणि न होण्याचा परिणाम असा की माणसे जुना मॅप तसाच ठेवून काम मनातच बदलत राहतात.

मॅप कुठे थांबवायचा, हेही या पुस्तिकेत स्पष्ट सांगितले आहे. वेळापत्रक हा त्याचा प्रांत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँ कंपनीत आणि अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामात ज्या जाळेपद्धती घडल्या त्या याचसाठी: कोणते काम कुणावर अवलंबून, कुठला विलंब सगळ्यालाच मागे ओढतो, हे मोजण्यासाठी. सोसायटीला तेवढे गणित करायचे नाही, साधा तक्ताही चालेल. पण त्या तक्त्यात ‘आधी काय व्हायला हवे’ हा रकाना असतो आणि तो भरायचा कशावरून, तर मॅपमधल्या बाणांवरून. बाण काढलेले नसतील तर तो रकाना अंदाजाने भरला जातो. विकासकाशी करार झाला की तारखा तक्त्यात, अटी करारात, आणि मॅपमध्ये उरतात ते न सुटलेले प्रश्न. ते कमी होत जातात तसा मॅप लहान व्हायला हवा. करारानंतर वर्षभराने तो वाढतच असेल तर करारात काहीतरी राहून गेले आहे, आणि वकिलाकडे जाण्याची वेळ झाली आहे.

एक गोष्ट व्यवहाराची. व्यवस्थापन समितीची मुदत पाच वर्षांची असते. पहिल्या ठरावापासून ताब्यापर्यंत निदान एक निवडणूक मध्ये येणार हे गृहीत धरावे. म्हणून प्रत्येक सर्वसाधारण सभेच्या दिवशी मॅपची एक प्रत तारीख घालून पीडीएफमध्ये आणि एक मूळ स्वरूपात जतन करावी, तिचा उल्लेख इतिवृत्तात करावा, आणि दप्तर सोपवण्याच्या यादीत भाग दाखल्यांच्या नोंदवहीशेजारी तिचेही नाव लिहावे. प्रत्येक आडव्या रेषेवर ती कुणी आणि कशासाठी काढली हे दोन शब्दांत नोंदलेले असेल, तर नव्या सचिवाला जुन्या सचिवाच्या घरी न जाताही कळेल की रस्त्याच्या रुंदीचा प्रश्न कुणी काढला होता आणि त्याचे उत्तर नगररचना विभागाकडून लेखी आले आहे की नुसतेच तोंडी.